अडतीस

शुक्रवारची उपासना संपली की
हॉलमागच्या खोलीत आम्ही कपडे निवडतो.
लोक काय काय देतात!
एकाच पायाचा बूट. रेशमी टाय.
पोरांचं पोहायचं कडं, हवा गेलेलं.
एकदा सोनेरी सँडल, टाचांचे, कोरे.
मारिलूने घालून खोलीभर चालून दाखवले,
मग 'नको' लिहिलेल्या खोक्यात टाकले.

कुंजुमोन अचायन दर वेळी नियम वाचतात,
जणू आम्ही आजच विमानातून उतरलोय.
पत्रकं वाटायची नाहीत. फोटो काढायचे नाहीत.
गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या आत.
आणि पगार झाला का, हे कुणाला विचारायचं नाही.
हा शेवटचा मला फार दिवस कळला नाही.
विचारलं की माणूस उत्तर देतो,
आणि आपल्या पिशवीत तर फक्त तांदूळ.

सजाच्या रस्त्याला सिमेंटचे कारखाने,
स्टिअरिंगला अचायन ओला टॉवेल गुंडाळतात.
कॅम्पच्या फाटकावर पठाण वॉचमन विचारतो, कितना?
साठ, मी म्हणते.
तो रांगेकडे बघतो आणि साखळी सोडतो.

तांदूळ पाच किलो, मसूर, तेल, साबण, नेलकटर.
नेलकटर ही माझी भर.
पहिल्या वर्षी एकाने मागितला होता, लाजत,
बायको असल्यासारखी मी मान फिरवली होती.

पिशव्या मी तोंडाने मोजते.
दातांच्या दवाखान्यात दिवसभर इंग्रजीत तारखा देते,
पण मोजायचं म्हटलं की जीभ
जामखेडच्या शाळेत जाऊन बसते.
मारिलूला वाटायचं, मी शिव्या देतेय.
एकोणतीस तिला फार आवडतो.

त्या दिवशी सदतीसवर फोन वाजला.
घरमालक. बोलले, ठेवला,
आणि आकडा गेला.
हातात पिशवी, समोर निळी डांगरी,
डांगरीच्या मागे पांढरं ऊन.

"अडतीस," डांगरी म्हणाली.
"अडतीस हाय. कामून थांबलाव?"

पोशट्टी. बिलोलीकडचा.
वाटलं, ओळखीपाळखी निघतील. निघाल्या नाहीत.
त्याला जामखेड माहीत नव्हतं,
मला बिलोली फक्त एसटीच्या पाटीवर.
खोलीत सगळे तेलुगू, घरी आईसुद्धा तेलुगूच,
पण पाढे मास्तरांनी मराठीत घोकून घेतले होते.
"पाढे कुटं जात्यात?" म्हणाला.

अडतिसावी पिशवी त्याने भिंतीला टेकवली
आणि येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.
एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.
अचायननी माझ्याकडे पाहिलं.
नियमांत याचं काही नव्हतं.

साठला पिशव्या संपल्या. रांगेत अजून अकरा जण.
इथून पुढचं काम दर वेळी माझं:
हात जोडायचे, पुढच्या शुक्रवारी म्हणायचं.
मी हात जोडायच्या आत तो बोलला,
तेलुगूत, मग हिंदीत. एकजण चिडला,
त्यालाही काहीतरी बोलला, तो हसला.
मग भिंतीची पिशवी उचलून
एका मिसरूड फुटलेल्या बंगाली पोराला दिली.
नेलकटर तेवढा काढून घेतला.

वहीत दोन रकाने आहेत, देणारे आणि घेणारे.
त्याचं नाव मी घेणाऱ्यांत लिहिलं होतं.
ते खोडून दुसरीकडे लिहिलं.
मग तिथंही खोडलं. पान घाण झालं.

पाच शुक्रवार तो मोजायला आला.
सहाव्याला कळलं, कंपनीने सगळी खोलीच
फुजैराला हलवली.

आता फाटकावर पठाण विचारतो, कितना?
एकाहत्तर, मी म्हणते.
तो रांगेकडे बघतो.
रांगही वाढलेली असते.